टक्कल पडलेले गोठे आणि वसईतला नाताळ

खरं सांगायचं तर आमचा नाताळ दर वर्षी सव्वीस तारखेला उतरतो. डिसेंबर लागला की मी पदर खोचून उभी. पडदे धुवा, करंज्या तळा, केक भाजा, गॅलरीत कागदाचा तारा लावा. पंचवीसला सकाळी चर्च, दुपारी बिर्याणी, संध्याकाळी सोसायटीत कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज, म्हणजे आमचे सेक्रेटरी. आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा खरकट्या भांड्यांचा ढीग बघताना वाटतं, झालं? एवढंच? तारणारा जन्मला म्हणून घसा फोडून गायचं, आणि तो आनंद दुधासारखा एका रात्रीत नासतो कसा? नवऱ्याला, विनयला, मी एकदा म्हटलंही, "मला टिकणारा नाताळ हवाय." तो म्हणाला, "मग प्लॅस्टिकचा आण." असा माणूस.

वसईची माझी मैत्रीण मोनिका दर वर्षी बोलावायची. नर्सिंगला आम्ही एका खोलीत राहिलो, आता ती तिकडेच एका दवाखान्यात आहे. आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट, ती वसईची कॅथलिक, त्यामुळे तेव्हाही आमचे वाद चालायचे आणि डबा मात्र एकच असायचा. या वेळी मीच फोन केला, की येतो आम्ही. ती म्हणाली,

"ये गं, पण यंदा आमच्याकडे नाताळ नाही. बाबा गेले ना जूनमध्ये. तारा नाही, गोड नाही, गोठा नाही. आई नुसती पायरीवर बसून असते. पूर्वी दिवसभर काहीतरी गुणगुणायची. आता तिला हाक मारली तरी दोनदा मारावी लागते. मला भीती वाटते तिची."

मी म्हटलं, मग आम्ही मुक्काम कशाला टाकायचा तिथे? तर म्हणाली, "तू आलीस तर तिला निदान चहा टाकावासा तरी वाटेल." यावर नाही म्हणणं मला जमलं नाही. टिकणारा नाताळ शोधायला निघालेली बाई दुखवट्याच्या घरी चालली, याची विनयने वाटेत भरपूर थट्टा केली.

निघायच्या आदल्या दिवशी मी जिन्यातल्या सगळ्या घरांत केक दिले. फक्त समोरच्या सरपोतदार काकूंचं दार सोडलं. काका ऑगस्टमध्ये गेले होते. अशा घरी गोडाची बशी घेऊन कसं जायचं, असं वाटलं.

तेवीसला पहाटे गाडी काढली. पुण्याहून वसईला स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर एक्सप्रेसवे, मग ठाणे, मग घोडबंदर रोड. घोडबंदरला ट्रकांच्या मागे रांगेत उभं राहायची तयारी ठेवा आणि पाण्याची बाटली भरून घ्या. पुढे हायवेला लागून खाडीचा पूल ओलांडला की हवा बदलते, खारट वास येतो. वसई फाट्यावरून डावीकडे वळायचं. स्टेशनच्या आसपास नुसत्या इमारती आणि रिक्षा, तिथे निराश होऊ नका. पश्चिमेला उतरून होळी नावाच्या भागाकडे निघालात की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी केळी, पानवेली, भाजीचे वाफे सुरू होतात. विनयने तीनदा पत्ता विचारला आणि तिन्ही वेळा माणसं "इनासकाकांचं घर ना?" म्हणून गाडीपुढे चालत आली. मोनिकाच्या गेलेल्या बाबांचं नाव अजून पत्त्याला चालत होतं.

गल्लीतल्या प्रत्येक घरावर कागदाचा तारा होता. अंगणांत येशूच्या जन्माचा देखावा मांडायचे गोठे उभे राहत होते, कुठे खरी बैलगाडीची चाकं लावलेली, कुठे विहिरीचा पंप सोडून धबधबा केलेला. मधलं एक घर कोरडं. तेच मोनिकाचं.

आई, म्हणजे मार्थाबाय, पायरीवर बसल्या होत्या. उठल्या, माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, "दमली असशील. पानी देऊ?" घरात ते आपापसात त्यांची बोली बोलतात, ती मला निम्मीही कळत नाही. माझ्याशी मात्र त्या जपून साध्या मराठीत बोलायच्या. चहा त्यांनीच टाकला. मोनिकाने आतून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मोनिकाचा भाऊ विल्यम संध्याकाळी आला. तो जूचंद्रला नव्या इमारतीत राहतो आणि नोकरीला मुंबईत जातो. चांगला मुलगा, पण बाबा गेल्यापासून घराचा कारभार आपल्या खांद्यावर आलाय, असं त्याच्या चालण्यातूनच कळत होतं. कुणी काय करायचं, काय नाही, सगळं त्याने ठरवून ठेवलेलं. सातला वीज गेली. भारनियमन. सगळ्या गल्लीतले तारे एकदम विझले आणि मार्थाबाय अंधारात म्हणाल्या, "आता सगली घरं आपल्यासारखी झाली." कुणी हसलं नाही. मी हसणार होते, तोंड दाबलं.

मग मेणबत्तीच्या उजेडात मोनिका बाबांचं सांगत बसली. इनासकाका वाडीत राबणारा माणूस, पण नाताळ जवळ आला की त्यांच्यात कारागीर जागा व्हायचा. पेंढा चांदीप गावच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच आणायचे, दुसरा चालायचा नाही. गोठ्यातली हिरवळ पेरायचं काम मात्र मार्थाबायचं. इकडे नाताळाआधी दोनेक आठवडे परातीत माती घालून गहू नाहीतर नाचणी पेरतात. नाताळापर्यंत वीतभर कोवळं गवत उभं राहतं आणि ते गोठ्यात मांडतात. बाळाची जागा रिकामी ठेवायची, बाळ जन्माच्या दिवशीच ठेवायचं. ते इनासकाका ठेवायचे. यंदा मार्थाबायनी काही पेरलं नव्हतं.

चोवीसला सकाळी जे घडलं ते माझ्यासमोर घडलं. आम्ही झोपलो होतो त्या खोलीत कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती. योसेफ, मारिया, मेंढरं, उंट, सगळे जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेले. विनयचा पाय रात्री दोनदा त्या पेटीला आपटला होता. विल्यमने ते ऐकलं आणि पेटी उचलली.

"ही शेजारी कातरीनमावशीकडे ठेवतो. पाहुण्यांना त्रास. यंदा हिला घरात जागा नाही."

मार्थाबाय दारात उभ्या होत्या. हातात केरसुणी. त्या विल्यमकडे बघतच राहिल्या.

"काय म्हनालास?"

"जागा नाही म्हटलं. यंदा लागणार पण नाही ना. पुढच्या वर्षी बघू."

"येशूच्या जन्माच्या रातीला हेच बोलला होता तो उतारशाळेचा मानूस," त्या म्हणाल्या. "मारिया दारात उभी, पोटात दुखतंय, आनि हा म्हनतो, जागा नाय. त्याच्याकडं पन कारन असेल. असेल कोन मेलेलं त्याच्या घरात. ठेव ती खाली."

"आई, अजून वर्ष पण नाही झालं. लोक काय बोलतील? बाबांसाठी आपण काहीच पाळायचं नाही का?"

"पालायचं ना. तारा नको, वडे नको, नवं लुगडं नको. ते आपलं सुख, ते सोडलं. पन दुःख आपल्या घरी हाय म्हनून देवाला बाहेर ठेवायचं? तो आला कोनासाठी मग? ज्यांच्याकडं सगलं बरं चाललंय त्यांच्यासाठी?"

विल्यमने पेटी खाली ठेवली आणि बाहेर निघून गेला. मार्थाबायनी केरसुणी भिंतीला टेकवली. पेटीपाशी बसल्या आणि एकेक मेंढरू सोडवायला लागल्या. मला म्हणाल्या, "पकड हे. कान तुटलाय त्याचा, सांभाळून." मी प्रोटेस्टंट उपासनेत वाढलेली बाई, मूर्ती कधी हातात धरली नव्हती. धरली. कान तुटलेलं मेंढरू हातात घेऊन बसले आणि मला फार बरं वाटलं, का ते तेव्हा कळलं नाही.

गोठा उभा करायला वेळ लागला नाही. विनय बांबू धरायला गेला, तेवढंच त्याला येतं. पेंढा वाडीतल्याच गुरांच्या गोठ्यातून आणला, चांदीपचा नव्हता, पण मार्थाबाय चालवून घ्यायला तयार होत्या. अडलं ते हिरवळीवर. मोनिका म्हणाली, बाजारातून हिरवा रंगवलेला भुसा आणू. मार्थाबायनी नाक मुरडलं. "भुशावर निजवू काय पोराला? मीच नाय पेरलं. आता चोवीसला काय उगवनार? डोकं?" आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. मला वाटलं, संपलं. परत सगळं तिथेच आलं.

तेवढ्यात कातरीनमावशी आल्या, शेजारच्या. दुखवट्याच्या घरी चूल गोडासाठी पेटत नाही, म्हणून शेजारी बशा भरून आणून देतात, ही इथली रीत. त्यांच्या हातात फुग्यांचं ताट होतं. फुगे म्हणजे मैद्याचे आंबवून तळलेले गोळे, गरम असताना खाल्ले तर माणूस दुसरं काही मागत नाही. त्यांनी अंगणातला गोठा पाहिला, मार्थाबायकडे पाहिलं, ताट माझ्या हातात दिलं आणि आल्या पावली परत गेल्या. मला वाटलं राग आला बाईंना.

परत आल्या त्या सुपात हिरवागार चौकोन घेऊन. आपल्या गोठ्यातल्या गव्हाच्या हिरवळीचा तुकडा, मुळं आणि मातीसकट, वडी पाडावी तसा सुरीने कापून आणलेला.

"मार्था, हे घे. माझ्याकडं जास्त झालं होतं."

कुठे जास्त होतं? पण गल्लीत बातमी पोचायला फोन लागत नाही. दुपारपर्यंत फराळाच्या प्रत्येक ताटामागून एकेक हिरवा तुकडा येत राहिला. कुणाचा गहू, कुणाची नाचणी, एकीने मूग पेरले होते ते. प्रत्येकीचं म्हणणं तेच, आमच्याकडं जास्तीचं होतं. मार्थाबाय आधी फक्त घेत होत्या. मग, "हे इकडं लाव, त्याचा रंग पोपटी हाय," असं सांगायला लागल्या. मग स्वतःच मातीत हात घालून बसल्या. संध्याकाळी गोठ्याची जमीन गोधडीसारखी दिसत होती, एका तुकड्याचा रंग दुसऱ्याला जुळत नव्हता. आणि ज्या घरात काही शिजणार नव्हतं तिथे इतके फुगे जमले की विनय त्या संध्याकाळी आडवाच झाला. मोनिकाने तारा लावू का विचारलं. मार्थाबाय म्हणाल्या, "तारा नको. लोकांना वाट सापडली की तशीच."

रात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गल्ली गेली. आम्ही मार्थाबायबरोबर पंचवीसला सकाळच्या मिस्सेला गेलो, त्यांना थंडी बाधते. जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, सकाळीही आत बसायला मिळेल असं धरून चालू नका, लवकर निघा. सगळी मिस्सा मराठीत. गाणी मला नवी होती, तरी दुसऱ्या कडव्याला तोंडात बसली. मार्थाबाय गायल्या नाहीत. ओठ हलत होते फक्त. नंतर त्या चर्चच्या आवारातल्या काकांच्या थडग्याशी गेल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि फोनवर बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "इनास, गोठा केला हं. पेंढा तेवढा चांदीपचा नाय."

परतताना मी त्यांना विचारलं. माझा प्रश्न मला सोडवायचा होता ना. म्हटलं, "आई, तुम्हाला आनंद वाटतोय का हो?"

त्या चालत राहिल्या. "दुःख हाय तिथंच हाय. ते कुठं जानार? पन त्याच्या शेजारी येऊन बसलाय आनंद. भांडत नाहीत दोघं."

"आमचा तर एक दिवस टिकत नाही."

"तू करतेस ना तो, म्हनून. आपन केलेलं संपतंच, फुगे संपतात तसं. हा येशूबरोबर येतो. तो जन्मला, मेला, परत उठला, म्हनून माझा इनास मातीत संपला नाय. हे खरं असंल तर ते उद्या खोटं कसं होईल? सव्वीसला पन खरंच असनार." मग जरा थांबून, "भाजी घ्यायची राहिली," म्हणाल्या.

घरी आलो तर विल्यम गोठ्यासमोर उभा होता. आदल्या दिवसापासून कुणाशी धड बोलला नव्हता. मार्थाबायनी पेटीतून शेवटची पुरचुंडी सोडवली, बाळ बाहेर काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. तो मागे सरला.

"माझ्याच्यानं नाही होणार, आई. ते बाबांचं काम आहे."

"तुझा आजा गेला त्या वर्षी तुझा बाबा पन हेच बोलला होता. त्यानं ठेवलं. वाकडं ठेवलं, पन ठेवलं."

विल्यम गुडघ्यावर बसला. बाळ पेंढ्यात ठेवलं आणि तिथेच बसून लहान पोरासारखा रडला. मोनिका रडली, मी रडले. विनय बांबू नीट आहे का ते बघायला मागच्या बाजूला गेला, त्याचं रडणं असं असतं. मार्थाबायनी विल्यमच्या डोक्यावर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली, तेच सकाळचं मिस्सेतलं गाणं. आवाज फाटका होता. पहिल्यांदा फाटला, मग लागला. मोनिकाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

दुपारी गोठे बघायला गल्लीत निघालो. इथे हा कार्यक्रमच असतो, कुणाच्याही अंगणात शिरा, गोठा बघा, हातावर काहीतरी पडतंच. युवा मंडळाची गोठा स्पर्धा होती आणि परीक्षक मुली वह्या घेऊन फिरत होत्या. आम्ही त्यांच्या मागेच होतो. कातरीनमावशींचा गोठा देखणा, पण उजव्या कोपऱ्यात गवताला मोठं टक्कल.

"मावशी, इथं गवत का नाही?"

"उंदरानं खाल्लं."

पुढच्या अंगणात विहिरीच्या पंपाचा धबधबा आणि त्याच्या काठाला टक्कल. "उंदीर," घरातली म्हातारी म्हणाली. त्याच्या पुढच्या घरी मेंढरं उघड्या मातीवर चरत होती. तिथेही उंदीर. परीक्षक पोरगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "यंदा गावात उंदीर फार झालेत." तिचेही ओठ हसू दाबून दाबून वाकडे झाले होते. पहिला नंबर अर्थातच दुसऱ्या आळीला गेला, तिकडे उंदीर नव्हते.

त्या चौथ्या की पाचव्या टकलापाशी मला भरून आलं. चर्चमध्ये नाही, तिथे. इतकी वर्षं नाताळच्या गोष्टीत काय घडलं ते मी शिकवते आहे, रविवारच्या शाळेत पोरांकडून पाठ करून घेते. देवाने दुसरं काय केलं? आमचं अंगण उजाड बघितलं आणि आपल्या काळजाचा तुकडा कापून आणून दिला. आणि जास्तीचा नव्हता त्याच्याकडे, एकुलता एक होता. मी तिथेच, दुसऱ्याच्या अंगणात, मोठ्याने "धन्यवाद प्रभू" म्हटलं. घरातल्या बाईंना वाटलं लाडवाबद्दल म्हटलं. त्यांनी आणखी एक दिला.

सव्वीसला मी डोळे उघडायच्या आधीच दचकून वाट बघत होते, आता उतरणार. मोनिकाने आम्हाला किल्ल्यात नेलं. सकाळी लवकर जा, पाणी बरोबर ठेवा, आत काही मिळत नाही. छप्पर उडालेल्या चर्चमध्ये उभं राहिलं की वर नुसतं आकाश. विनय फोटो काढत बसला आणि मी भिंतीच्या सावलीत बसून स्वतःला चाचपत होते, जसं दाताचं दुखणं थांबलं की जीभ पुनःपुन्हा तिथेच जाते. नाताळ उतरला नव्हता. बाजारातून सुकेळी घेतली, राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती. महाग वाटतात, पण घ्या, दुसरीकडे अशी मिळत नाहीत. निघताना मार्थाबायनी गोठ्यातला गव्हाचा एक तुकडा कापून करवंटीत बसवला आणि माझ्या मांडीवर दिला. मी म्हटलं, "आई, आता तुमच्या गोठ्याला टक्कल पडलं." त्या म्हणाल्या, "सांगेन, उंदीर."

हे लिहितेय तेव्हा फेब्रुवारी अर्धा सरलाय. मोनिकाचा परवा फोन होता, आई वाडीत मिरच्या लावतेय म्हणे, आणि गुणगुणतेय. इकडे माझी नोकरी तीच, ओटा तोच, विनयही तोच. रडायचे दिवसही येऊन गेले मधे. पण आतला तो दिवा गेला नाही. माझ्या हातात नाही तो, हे कळल्यापासून विझायची भीतीच संपलीय. घोडबंदरच्या ट्रकांपासून सुकेळ्यांपर्यंत सगळं लिहिलं, एक मात्र राहिलं, आम्ही परत आलो त्या संध्याकाळचं.

बॅगा खाली ठेवल्या आणि मी चपलाही न काढता करवंटी आणि सुकेळ्यांचा पुडा घेऊन सरपोतदार काकूंचं दार वाजवलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दार उघडायला वेळ लागला.

"अगं, तू," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी केक वाटत होतीस ना, तेव्हा मी दाराशीच उभी होते. मग तुझं दार लागल्याचा आवाज आला."

"काकू, मला वाटलं, तुमच्याकडे यंदा गोड…"

"आम्ही करत नाही. दिलेलं घेतो की." त्यांनी करवंटी दोन्ही हातांत घेतली, कोवळ्या गव्हावरून बोट फिरवलं. "ह्यांना तुमचा केक फार आवडायचा."

घरात एकच दिवा होता. काकांच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती, ऑगस्टपासून कुणी बसलंच नसावं त्यावर. मी दारातच घुटमळले, म्हटलं, उशीर झालाय, नंतर येते. काकूंनी करवंटी टेबलावर ठेवली, ती चळत छातीशी धरून उचलली आणि म्हणाल्या, "थांब. जागा करते."